हिवाळ्यातला जपान शाकाहारी माणसाला उपाशी ठेवत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत जपानच्या सहलीवर आलेला लेख वाचला. चेरीचा बहर, बुलेट ट्रेन, फुजी, सगळं छान लिहिलं होतं. पण शेवटच्या चौकटीत दोन सल्ले होते आणि त्यांच्यासाठीच हे पत्र लिहिते आहे. एक, वयस्कर माणसांना घेऊन हिवाळ्यात जपानला जाऊ नये. दुसरा, घरात कोणी शुद्ध शाकाहारी असेल तर आचारी बरोबर नेणाऱ्या सहलीतच नाव नोंदवावं, नाही तर बिस्किटांवर दिवस काढावे लागतात. हे वाचून कितीतरी घरांतल्या आज्या, आत्या, मावश्या मागे राहतील, आणि त्यांनी मागे राहावं असं त्या देशात काही नाही.

गेल्या जानेवारीत आम्ही घरचे सगळे जपानला जाऊन आलो. मी, आमचे हे, मुलगी, जावई, दहा वर्षांचा नातू आणि माझ्या वन्सं. वन्संनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. मांस-मासे दूरच, अंडं घातलेला केकही त्यांना चालत नाही आणि कांदा-लसूण त्यांनी यजमान गेल्यापासून सोडला आहे. बाकी आम्ही सगळे मासे खाणारे. मी नाशिकला पुष्कळ वर्षं खानावळ चालवली. ताटावरून माणूस अर्धपोटी उठला की मला कळतं, त्याने सांगावं लागत नाही. तेव्हा जेवणाबद्दल पुढे जे लिहिते आहे ते पाहून, चाखून आणि विचारून लिहिते आहे.

जाण्याआधी एका सहल कंपनीत चौकशी केली होती. रोज रात्री हॉटेलात आपलं जेवण, दुपारी भारतीय हॉटेलात बुफे, असा त्यांचा बेत. त्या जेवणासाठी रोज दिवस मावळायच्या आत बस परत फिरणार. टोकियोत जानेवारीत पावणेपाचला सूर्य मावळतो. म्हणजे पाहायला उरलं काय? पनीर आणि डाळ खायला एवढ्या लांब जाण्यात मला अर्थ वाटला नाही. मुलीने सगळं स्वतः आखलं.

आधी अडचण नेमकी कुठे आहे ते सांगते, कारण लेखात ती सांगितलेली नाही. जपानी स्वयंपाकात शाकाहाऱ्याला अडचण मांसाच्या तुकड्याची नाही, तो डोळ्यांना दिसतो. अडचण आहे पाण्याची. बोनिटो नावाचा मासा धुरी देऊन, वाळवून लाकडासारखा कडक करतात, त्याचा कीस पाडतात आणि त्या किसाचं पाणी बहुतेक सगळ्या पदार्थांत जातं. त्याला ते दाशी म्हणतात. मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या, सारात ती असते, सोबा शेवया ज्यात बुडवून खातात त्या रसात असते, नुसत्या उकडलेल्या भोपळ्यात असते, कधी लोणच्यातही असते. वाढणाऱ्या मुलीला विचारलं, "हे व्हेजिटेरियन आहे ना?", तर तिला ताटात मांस दिसत नाही, ती प्रामाणिकपणे हो म्हणते. पाकिटावरच्या अ‍ॅलर्जीच्या तक्त्यावरही विसंबू नये. अंडं, दूध, कोळंबी, खेकडा, गहू अशा गोष्टी तिथे ठळक द्यायचा नियम आहे, पण या माशाच्या अर्काला तो नियम नाही. तो खाली घटकांच्या बारीक यादीत सापडतो. मुलगी प्रत्येक पुडक्यावर फोनचा कॅमेरा धरून ती यादी भाषांतरित करून वाचायची.

पण त्याच देशात दुसरी दाशी आहे आणि ती पूर्ण शाकाहारी आहे. कोम्बू हे समुद्रातलं रुंद पानाचं शेवाळ, मुख्यतः होक्काइदोच्या किनाऱ्यावरचं. ते थंड पाण्यात भिजत घालायचं, मंद आचेवर ठेवायचं आणि पाण्याला उकळी फुटायच्या आत काढून घ्यायचं. उकळलं की पाणी बुळबुळीत होतं आणि वास बिघडतो. 1908 साली टोकियोच्या विद्यापीठातल्या किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने याच कोम्बूतून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी हे नाव दिलं. कांदा-लसणाशिवाय पातळ भाजीला अंग कसं आणायचं हा प्रश्न मी आयुष्यभर खोबरं, दाण्याचं कूट आणि आमसूल यांच्यावर सोडवत आले. एवढ्याशा पानाने ते काम होताना पाहून मी त्या दुकानातून हलेना.

म्हणून विचारायचा प्रश्न "शाकाहारी आहे का?" हा नव्हे, "दाशी कशाची आहे?" हा आहे. मुलीने एका कार्डावर जपानीत तीन वाक्यं छापून घेतली होती. ती बोलून दाखवायची असतील तर अशी: निकु, साकाना, काइ, एबी, तामागो वा ताबेरारेमासेन. कात्सुओ नो दाशी मो ताबेरारेमासेन. कोम्बू नो दाशी वा दाइजोबु देसु. मांस, मासे, शिंपले, कोळंबी, अंडं खात नाही, बोनिटोची दाशीही चालत नाही, कोम्बूची चालते. हे कार्ड पुढे केलं की आचारी स्वतः बाहेर येऊन वाचायचा. काही ठिकाणी तो हात जोडून नाही म्हणाला. ते नाही मला फार मोलाचं वाटलं, कारण त्यामुळे जिथे हो म्हटलं तिथे वन्सं निर्धास्त जेवल्या.

टोकियोत आसाकुसाला सेन्सोजीच्या मोठ्या मंदिरात सगळेच जातात. तिथून सुमिदा नदीच्या कडेने थोडं वर चालत गेलं की एका टेकाडावर मात्सुचियामा शोदेन नावाचं मंदिर आहे. तिथला देव कांगितेन म्हणजे आपला गणपती. मूर्ती गुप्त असते, दर्शनाला ठेवत नाहीत. आणि त्याला नैवेद्य असतो पांढऱ्याशुभ्र मुळ्याचा! कमानीवर, पायऱ्यांवर, दिव्यांवर, जिथे पाहावं तिथे दोन मुळ्यांचं चिन्ह कोरलेलं. 7 जानेवारीला तिथे मुळ्याचा उत्सव असतो. आम्ही गेलो तो उत्सवाचा दिवस नव्हता, पण देवासमोर मुळ्यांची रास होती. वन्संनी एक मुळा घेऊन वाहिला, अथर्वशीर्ष म्हटलं. देवापुढून उतरवलेले मुळे लोकांना घरी न्यायला ठेवलेले असतात, त्यातला एक आम्हालाही मिळाला. राहत्या जागेत छोटं स्वयंपाकघर होतं. रात्री त्या मुळ्याची कोशिंबीर केली. आपल्या मुळ्यासारखी नाकात जाणारी नाही, गोडसर. थंडीत गोठू नये म्हणून मुळा स्वतःत साखर साठवतो, म्हणून तिथे हिवाळ्यातला मुळा सर्वांत गोड. हिवाळ्यात जाऊ नका म्हणणाऱ्यांनी हा मुळा खाल्लेला नाही.

मध्येच संकष्टी आली. परदेशात उपासाचं काय करायचं ही वन्संची निघाल्यापासूनची काळजी. जपानात हिवाळ्यात जवळजवळ प्रत्येक सुपरमार्केटच्या दारात गरम भट्टी असते आणि तिच्यात रताळी भाजत असतात. सालीसकट, वर काही नाही, आतून मधासारखी. दोन रताळी, संत्र्याच्या जातीची मिकान आणि हिवाळ्यातच येणाऱ्या मोठ्या स्ट्रॉबेऱ्या. उपास उत्तम झाला.

टोकियोहून पुढे नागानोला बहुतेक लोक बुलेट ट्रेनने थेट जातात. आम्ही शिंजुकूहून आझुसा एक्स्प्रेसने आधी चिनोला उतरलो, दोन-सव्वादोन तासांचा प्रवास. हवा कोरडी, आभाळ निळंशार, त्यामुळे वाटेत फुजी स्वच्छ दिसला. उन्हाळ्यात तो दिवसचे दिवस ढगांत असतो. चिनोला उतरण्याचं कारण वाचकांना नवल वाटेल असं आहे. आपण ज्याला चायना ग्रास म्हणतो, ते तिथे तयार होतं. तेंगुसा नावाचं समुद्रशेवाळ रात्रभर शिजवून गाळतात, त्याची खरवसासारखी वडी थापतात, लांब पट्ट्या कापतात आणि डिसेंबर ते फेब्रुवारी भाताच्या मोकळ्या शेतांत मांडून ठेवतात. रात्री पट्टी गोठते, दिवसा ऊन लागून वितळते, पाणी निथळतं. साधारण दोन आठवड्यांत काठीसारखी हलकी होते. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये गच्चीवर कुरडया-पापडांचं वाळवण घालतो ना, तेच काम तिथे थंडी करते. शेतच्या शेत पांढऱ्या पट्ट्यांनी भरलेलं पाहून मला खानावळीतल्या बायकांची फार आठवण झाली. त्यांना हे दाखवायला हवं होतं असं वाटत राहिलं.

तिथेच मला या देशाचा हिवाळा समजला. थंडी ही तिथे स्वयंपाकघरातली एक बाई आहे, कामाची. चायना ग्रास तीच करते. तोफूच्या, म्हणजे सोयाबीनच्या पनीरच्या, वड्या गोठवून, वाळवून त्यांचा स्पंज तीच करते. त्याला कोयादोफू म्हणतात आणि आज तो बहुतेक सगळा याच नागानो प्रांतात बनतो. नोझावाना नावाच्या पालेभाजीचं लोणचं तीच मुरवते. मुळात यातलं काहीही मांसाहारी नाही.

नागानोत झेनकोजी मंदिर आहे, 1707 साली बांधलेला लाकडी गाभारा. त्याच्या खाली काळोखा बोगदा आहे. हात भिंतीला लावून चालायचं, अंधारात एक किल्ली चाचपडायची, तिला हात लागला की वर गुप्त असलेल्या बुद्धाशी नातं जुळलं अशी श्रद्धा. वन्सं नातवाचा हात धरून गेल्या आणि किल्लीला हात लावून आल्या. मंदिरासमोरच्या रस्त्यावर ओयाकी मिळतात, गव्हाच्या पिठाच्या उंड्यात नोझावाना, भोपळा किंवा लाल चवळीसारख्या आझुकीचं पुरण. सारणात दाशी आहे का तेवढं विचारायचं. भोपळ्याची आणि पुरणाची वन्संना चालली.

नागानोजवळच्या जिगोकुदानीची माकडं पाहायला वन्सं आल्या नाहीत, आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी जाऊ नये असंच मी सांगेन. रस्ता संपल्यावर जंगलातून बर्फात दीड किलोमीटरहून थोडं अधिक चालावं लागतं. 1964 पासून ते उद्यान आहे, गरम पाण्याच्या कुंडात माकडं डोळे मिटून बसलेली असतात. नातू तिथून निघायला तयार नव्हता. त्यांना खायला द्यायचं नाही, डोळ्यांत रोखून बघायचं नाही, एवढं पोरांना आधी समजावून न्यावं.

कानाझावा. इथे आमच्या मासे खाणाऱ्यांची चंगळ झाली. ओमिचो बाजारात निळ्या पट्टीचे खेकडे ओळीने मांडलेले, ती पट्टी म्हणजे इशिकावाच्या, म्हणजे याच प्रांताच्या, बंदरात उतरलेला नर खेकडा. मोसम 6 नोव्हेंबरला उघडतो, मादीची पकड डिसेंबरअखेर थांबते, म्हणून जानेवारीत फक्त नर. ह्यांनी आणि जावयांनी पाय फोडून फोडून खाल्ला, मीही खाल्ला. आपल्या चिंबोरीचा झणका त्यात नाही, नुसतं मीठ-पाण्याचं गोड मांस. नोतो द्वीपकल्प तिथून वर आहे. 1 जानेवारी 2024 ला भूकंपाने वाजिमाचा सकाळचा बाजार जळून गेला, ते आपण इथे बातम्यांत पाहिलं होतं. नोतोचं मीठ आणि लाखेच्या वाट्या मिळाल्या, त्या आम्ही घासाघीस न करता घेतल्या.

केनरोकुएन बाग पाहिल्याशिवाय मात्र तिथून येऊ नये. जपानच्या समुद्रावरून येणारं वारं पाणी पिऊन येतं, त्यामुळे या बाजूचा बर्फ ओला आणि जड. त्याच्या वजनाने फांद्या मोडू नयेत म्हणून 1 नोव्हेंबरपासून माळी झाडांना दोर बांधायला घेतात. मध्ये उंच खांब, त्याच्या टोकापासून प्रत्येक फांदीला एक दोर, सगळ्या झाडावर छत्री उघडल्यासारखी. वन्सं बराच वेळ एका म्हाताऱ्या पाइनसमोर उभ्या होत्या. बागेत रस्ते झाडलेले, बसायला बाकं, आत चहाघर. पंचाहत्तरीच्या माणसाला तिथे काहीही जड गेलं नाही.

थंडीचं म्हणाल तर घरात, गाडीत, दुकानात ऊब असते. बाहेर अंगातल्या कपड्यांना चिकटवायच्या कैरो पुड्या मिळतात, त्या कित्येक तास गरम राहतात. वन्संच्या पाठीला एक आणि पायांना दोन. बुटांचे तळवे मात्र खाचांचे हवेत, निसरड्या बर्फावर आपले चालायचे बूट उपयोगाचे नाहीत. मोठ्या बॅगा आम्ही टोकियोहूनच क्योतोच्या हॉटेलवर कुरिअरने पुढे पाठवल्या आणि पाठीवरच्या पिशव्यांवर डोंगर फिरलो. वयस्करांसाठी याइतकी चांगली सोय मी दुसरी पाहिली नाही. सगळीकडे चालणारा रेल्वे पासही घेतला नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये तो सात दिवसांना 50,000 येन झाला होता, आमच्या मार्गाला सुटी तिकिटंच परवडली.

शिराकावा-गोबद्दल मला थोडं कडक लिहायचं आहे. कानाझावाहून बसने सव्वा तासावर हे गाव आहे, 1995 पासून जागतिक वारसा. गवताची छपरं साठ अंशांच्या उताराची, बर्फ घसरून पडावा म्हणून. खिळे न ठोकता दोरांनी आणि वेलींनी बांधलेली. माळ्यावर पूर्वी रेशमाचे किडे पाळत. छप्पर बदलायचं असलं की सगळं गाव एकत्र येतं, शे-दोनशे माणसं एका घरावर चढतात. दर काही दशकांनी प्रत्येकाची पाळी. या घरांत आजही लोक राहतात. तरी त्यांच्या पडवीत चढून फोटो काढणारे, काचेला नाक लावून आत बघणारे, छपरावरचा बर्फ ओढून खेळणारे लोक मी तिथे पाहिले, आणि त्यांत मराठी बोलणारेही होते. मला लाज वाटली. एक म्हातारी बाई फावड्याने दारातला बर्फ काढत होती आणि तिच्या अंगणात उभे राहून लोक तिचाच फोटो घेत होते. पाहण्यासाठी उघडलेली घरं आहेत, वादा कुटुंबाचं घर त्यातलं एक, तिकीट काढून आत जावं, चुलीशी बसावं. गवताच्या घरांना आगीची भीती मोठी, म्हणून गावात वाटेल तिथे सिगारेट ओढायची नसते. जानेवारी-फेब्रुवारीतल्या काही ठरावीक संध्याकाळी दिवे लावतात, त्याला आधी नोंदणी करावीच लागते. पुरवणीत हे छापलंत तर त्या गावावर उपकार होतील.

तिथे वन्संनी झेनझाई खाल्लं, गरम गोड आझुकीत भाजलेला मोची. इथे एक काळजीची गोष्ट. मोची हा भाताचा चिवट गोळा असतो आणि दर नववर्षाला तो घशात अडकून जपानमधली वयस्कर माणसं दगावतात, अग्निशामक दल तशी सूचना काढतं. वयस्करांना देताना बोटाच्या पेराएवढे तुकडे करून, घोट घोट पाण्याबरोबर द्यावा. आम्ही तसाच दिला.

ताकायामा हे गाव गोमांसासाठी गाजलेलं, म्हणून शाकाहाऱ्यांना तिथे नेतच नाहीत. पण मियागावा नदीकाठच्या सकाळच्या बाजारात आज्या बसलेल्या असतात, लाल सलगमाचं लोणचं घेऊन. चाखायला देतात. रस्त्यावर तांदळाच्या गोळ्या काडीला ओवून, सोया सॉस लावून निखाऱ्यावर भाजतात, त्या दुसरीकडे गोड असतात, इथे खारट. वन्संना फार आवडल्या.

आता कोयासान, ज्याच्यासाठी मी खरं तर हे पत्र लिहायला बसले. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनहून नानकाई रेल्वेची गाडी गोकुराकुबाशीपर्यंत, पुढे रुळांवरून दोराने वर ओढली जाणारी केबल कार, आणि वर सुमारे आठशे मीटरवर देवदारासारख्या उंच झाडांत मंदिरांचं गाव. कुकाई या भिक्षूने चीनहून शिंगोन हा बौद्ध पंथ आणला आणि 816 साली त्याला ही जागा मिळाली. शंभरावर मंदिरांपैकी पन्नासेक मंदिरांत यात्रेकरूंना राहता येतं. आम्ही पोहोचलो तेव्हा बर्फ भुरभुरत होता, खोलीत रॉकेलची शेगडी आणि रजई घातलेलं टेबल, खाली ऊब. गुडघ्यांसाठी खुर्ची हवी हे आधी कळवलं होतं, ती मांडून ठेवली होती.

संध्याकाळी साडेपाचलाच ताटं आली, लाल लाखेच्या चौरंगांवर. याला शोजिन र्योरी म्हणतात, मठातलं जेवण. मांस नाही, मासा नाही, अंडं नाही, आणि कांदा-लसूणही नाही! पिढ्यान् पिढ्यांचा नियम. वन्संना कार्ड काढावं लागलं नाही, कोणाला काही विचारावं लागलं नाही. तिळाचा तोफू, तो सोयाबीनचा नसतोच, तीळ वाटून गाळून कुझू नावाच्या कंदाच्या पिठात ढवळत आटवतात. कोम्बू आणि वाळलेल्या शिताके अळंबीच्या पाण्यात शिजलेला कोयादोफू, दाबला की रस सुटणारा. या कोयादोफूचं नावच या डोंगरावरून पडलं. इथल्या भिक्षूंनी रात्री बाहेर राहिलेला तोफू सकाळी गोठलेला पाहिला आणि टाकून न देता शिजवला, असं सांगतात. गाजर, कमळकंद, भोपळा यांची भजी, मुळ्याचं लोणचं, भात. प्रत्येक वाटीत तीन-चार घास, पण कापलेलं, रचलेलं, शिजवलेलं इतकं मन लावून की मी एकेक तुकडा उलटून पाहत होते. वन्संनी सगळ्या वाट्या स्वच्छ केल्या. सहलीत त्या पहिल्यांदा आमच्या आधी जेवायला लागल्या होत्या, कारण एरवी त्यांचं ताट तपासेपर्यंत थांबावं लागे. खानावळवालीला यापेक्षा जास्त काही नको असतं.

पहाटे प्रार्थनेला बसलो. नंतर ओकुनोइनला गेलो, दोन किलोमीटर रस्ता आणि दोन्ही बाजूंना दोन लाखांवर समाध्या, बर्फाने झाकलेल्या. दगडांवर सिद्धम् लिपीतली संस्कृत बीजाक्षरं. टोकाला कुकाईंचं स्थान. 835 साली ते तिथे संजीवन समाधीत बसले आणि अजून बसलेले आहेत अशी तिथल्यांची श्रद्धा. म्हणून रोज दोनदा, सकाळी सहाला आणि साडेदहाला, भिक्षू त्यांच्यासाठी शिजवलेलं जेवण पेटीत घालून घेऊन जातात. त्याआधी वाटेतल्या जिझो या बोधिसत्त्वासमोर ते चाखायला ठेवतात. साडेदहाची पेटी आम्ही पाहिली. पूल ओलांडला की फोटो काढायचे नाहीत, आणि कोणी काढतही नव्हतं. आमचे हे कधी देवळात फार वेळ थांबत नाहीत, तेही थांबले.

क्योतोबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे, मी थोडक्यात लिहिते. नानझेनजी मंदिराच्या आसपास युदोफू मिळतो, मातीच्या भांड्यात कोम्बूच्या पाण्यात तोफू समोर गरम होत राहतो. भांडं शाकाहारी असतं, पण बुडवायचा सॉस बऱ्याचदा माशाच्या दाशीचा, तेव्हा साधा सोया सॉस मागून घ्यावा. शोगोइन नावाच्या पांढऱ्या सलगमाच्या कागदासारख्या चकत्या कोम्बूत मुरवून सेनमाईझुके करतात, ते हिवाळ्याचंच लोणचं.

संपादक महाशय, जाणाऱ्यांनी 1 ते 3 जानेवारी टाळावे, बरीच दुकानं आणि हॉटेलं बंद असतात. पहिला आठवडा ओलांडून गेलं तर गर्दी उतरलेली असते आणि राहण्याचे दरही. कोयासानला निदान एक रात्र, शक्य तर दोन. नेहमीच्या दहा शहरांऐवजी चार ठिकाणं.

माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी त्या चौकटीत बिस्किटांऐवजी वरची तीन जपानी वाक्यं छापावीत, देवनागरीत आणि शेजारी जपानी अक्षरांत, म्हणजे वाचकाला कात्री लावून पाकिटात ठेवता येतील. आचारी नेणाऱ्या सहल कंपन्यांनाही सांगावंसं वाटतं की तुमचा आचारी घरी राहू द्या, त्याच पैशांत प्रवाशांना एक रात्र मठात जेवू घाला. तिथली शिजवणारी माणसं आपल्या वन्संसारख्यांसाठीच शिजवतात. फेब्रुवारीअखेरपर्यंत शेतांत चायना ग्रास मांडलेलं असतं आणि मार्चच्या सुरुवातीपर्यंत डोंगरात बर्फ टिकतो, तेव्हा यंदा ज्यांना जायचं असेल त्यांनी व्हिसाचे कागद दिवाळीतच तयार ठेवावेत.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र वाचक,
नाशिक